साखळी क्रमांक दोन-चारशे

सड्यावरून रस्ता मिठबावकडे उतरतो, तिथं
मी उकिडवी बसते आणि रस्त्याला भोक पाडते.
वीतभर खोल. छिन्नी, हातोडी, पळी.
निघालेली खडी पिशवीत; एक खडा सांडता कामा नये.

समोर समुद्र. वाळू म्हणाल तर डोळे दुखतील इतकी.
पण भोक मोजायची वाळू माझ्या डब्यात असते,
चाळलेली, भट्टीत वाळवलेली,
खारा वारा लागू नये म्हणून झाकण घट्ट.
नळकांड्यातून सोडली की ती न बोलता उतरते.
किती मावली, त्यावरून कळतं
दगड किती होता आणि किती नुसतंच आपलं वाटणं.

बुदाजी घाडी रोलर बंद करून बिडी पेटवतो.
"एकदा एकान खाडीतले गोटे आणलेले,
देवाऱ्यात ठेवूक व्हये असे गुळगुळीत.
रोलर फिरलो काय पळत, चिंगळासारखे.
दगडाक धार व्हयी गो.
धार आसली काय दगड दगडाक धरता.
डांबर काय, वयली साय."

चौऱ्याण्णव टक्के.
हवेत अठ्ठ्याण्णव.

ठेकेदाराच्या हडकरांचा फोन:
उद्या सकाळी डांबराच्या गाड्या निघतायत,
चार टक्क्यांनी काय समुद्र आत येतो?

चार टक्के म्हणजे दगडांमधली रिकामी जागा.
तिथं आधी पाणी बसतं.
मग चिऱ्यांनी भरलेला ट्रक येतो,
आणि साय फाटते.
हे फोनवर सांगायचं सुचलं नाही.
मी "बघते" म्हटलं. माझा आवाज पातळच आहे.

घाडीनं काही विचारलं नाही.
बिडी चपलेखाली विझवली,
टँकरवाल्या पोराला हाळी दिली, "मार रे पाणी",
आणि रोलर पुन्हा काठाला लावला.
काठाकडून मधे, मधून काठाकडे,
आठ फेऱ्या, की नऊ. मोजताना एकदा चुकले.
खालची खडी आधी करकरली,
मग कुरकुरली,
मग गप्प.

दुसरं भोक, पहिल्यापासून हातभर अंतरावर.
टॉर्च दातांत धरून आकडा लिहिला, सही केली.
दोन्ही भोकं खडीनंच भरली, पहारीनं ठोकली.
सकाळी वर काळं पडलं.

परवा एसटीनं देवगडला जात होते.
शेजारच्या बाईच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे,
तिला झोप लागलेली, मान माझ्या खांद्यावर.
दोन-चारशे आलं.
गेलं.
ती झोपलेलीच होती.