शेरा, दोन ओळींत

फॉर्म आला शुक्रवारी, दुपारच्या खिचडीनंतर.
प्रज्ञावान विद्यार्थी शोध, पाच पानं,
सोमवारी दहाच्या आत केंद्रावर.
पेठ रोडची आमची शाळा, सहावी ब, पट एकोणपन्नास.
चाचणी झाली होती. आता माझं निरीक्षण.

तेविसावा प्रश्न: दोन, चार, आठ, पुढे काय?
उत्तरसूचीत सोळा.
मंजुळा भोयेनं लिहिलं चौदा.
लाल पेनानं मीच फुली मारली
आणि पुढचा पेपर ओढला.
चहा घेताना ते चौदा डोक्यात शिरलं:
आधी दोन मिळवले, मग चार, आता सहा.
बरोबरच आहे की.
साधन केंद्रात फोन केला.
"मॅडम, सूचीत असेल तेच धरा,
नाहीतर सगळ्यांचेच पेपर उघडावे लागतील."

शार्दूल निकुंभचे सोळा.
पोरगा हुशारच, त्याबद्दल वाद नाही.

तक्त्यात बावीस विधानं, सगळी 'तो'ची.
नेहमी, कधी कधी, क्वचित.
पुढाकार घेतो: क्वचित.
शब्दसंपदा समृद्ध आहे:
ती घरी कोकणा बोलते,
माझी मराठी बोलण्याआधी
मनात एकदा उलटवून बघते.
याला रकाना नाही. क्वचित.
प्रश्न विचारतो:
क्वचित,
आणि पेन तिथेच अडकला.

मागच्या ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं,
शाळा अर्ध्यात सुटणार म्हणून वर्गात कालवा.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं,
नाही रे, छातीला,
जो तो पूर मारुतीच्या अंगावर मोजत होता.
तेव्हा शेवटच्या बाकावरून ही उभी राहिली:
"बाई, मारुती आणखी उंच असता
तर पूर लहान झाला असता का?"
वर्ग हसला.
मी म्हणाले, बस खाली, दप्तर भर.

बसली.
तेव्हापासून बसूनच आहे.
क्वचित, हे खोटंही नाही.

तिची आई आली होती सहीला,
मोहाडीच्या पॅकहाऊसवरून थेट,
द्राक्षं मापायची प्लास्टिकची कडी
घाईत कमरेलाच राहिलेली.
"घरी लय बोलते. मीच गप करते.
इथं त्रास देते का?"
नाही हो, म्हणाले. अजिबात नाही.
तेवढ्यात मंजुळानं कडी सोडवून डोळ्याला लावली
आणि खिडकीतून चामरलेण्याचा डोंगर बघितला.
पुरता मावला असावा.

शेऱ्यासाठी दोन ओळी.
शांत, नियमित, अक्षर सुबक.
खोडलं.
हिनं मापाविषयी एक प्रश्न विचारला होता,
मी उत्तर दिलं नाही.
जागा पुरेना, म्हणून वेगळं पान टाचलं.
केंद्रावर भाऊसाहेबांनी नखानं पिन उपसली,
"स्कॅनरला चालत नाही,"
आणि पान माझ्या हातात परत.

आज पाचवा तास, भूमितीचा.
फळ्यावर मी फक्त तिचा प्रश्न लिहिलाय.
शार्दूल म्हणाला, पाणी तेवढंच राहील, बाई.
कुणीतरी म्हणालं, मारुतीला भीती कमी वाटली असती.
मागे मंजुळा पेन्सिलीला टोक काढतेय,
सावकाश,
साल न तोडता.