अकरा मिनिटं पुढे

आखाजीला शाखा बंद असते,
म्हणून सर्व्हर जोडायला हाच दिवस, असं धुळ्याहून ठरलं.
पारोळ्यात उतरले तेव्हा सकाळचे नऊ
आणि डांबर आताच चपलेला धरू लागलेलं.

पतपेढीचं शटर धुडकू बाबांनी अर्धंच वर केलं.
मी वाकून आत. नाव नाही विचारलं त्यांनी,
विचारलं, कोनी पोर शे व तू?
बाप सांगितला, बेटावद सांगितलं,
तेव्हा कुठे किल्ल्यांचा जुडगा हातात पडला.

टेबलाखाली नवा सर्व्हर, प्लास्टिक अजून अंगावर.
त्याला डोमेनचं नाव दिलं.
तो म्हणाला, असं कुणी सापडत नाही.

आकड्यांनी हाक मारली तर धुळं ओ देत होतं,
चार हाका, चार ओ, एकही वाया नाही.
नाव घेतलं की गप्प.
मग पाहिलं, हा नावं विचारतो कुणाला?
बसवणाऱ्याने त्याला जगभरच्या डीएनएसच्या दारात बसवलेलं.
त्या दारात साऱ्या दुनियेची दुकानं पाठ,
आमच्या हेड ऑफिसचं घरातलं नाव
तिथे कोण सांगणार?
दार बदललं.

पासवर्डची खिडकी उघडली. मी खूश झाले, उगाच.
याच नावाचा जुना सर्व्हर यादीत अजून होता,
दोन पावसाळ्यांपूर्वी वीज पडून जळालेला,
भंगारात किलोवर गेलेला,
फक्त नाव कुणी कापलं नव्हतं.
धुळ्याला फोन लावला. जिभाऊ सोनवणे आमरसावर बसलेला,
डाव्या हाताने त्याने नोंद पुसली.

माझंही एक नाव असंच आहे,
साक्रीच्या एका रेशन कार्डावर.
चार वर्षं झाली.
ते फोनवर होत नाही.

तिसऱ्यांदा. पुन्हा नकार, आणि या वेळी मोघम,
सोयरिकीला देतात तसा.
लाईट गेली. यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
बाहेर निंबाला झोका, पोरींचं गाणं
वर जाताना ऐकू येई, खाली येताना नाही.
धुडकू बाबांनी कागदात सांजोरी आणली.
आज तरी माहेर जाय ना व.
म्हटलं, आधी याला पोचवते.

मग सहज स्क्रीनच्या कोपऱ्यात नजर गेली.
बारा बावन्न.
मोबाईलवर बारा एक्केचाळीस.
मान वर केली, भिंतीवरही बारा बावन्न.
ज्याने सर्व्हर मांडला
त्याने भिंतीकडे बघून वेळ लावली होती.
डोमेन पाच मिनिटांचा फरक पोटात घालतं.
त्यापुढे पासवर्ड खरा असला तरी
आत घेत नाही.

मीच करेल शे पुढे, धुडकू बाबा म्हणाले,
कॅशियरनी यष्टी चुकस ना रोज.
ती कॅशियर, वैजंताबाई,
एरंडोलला बदलून गेली त्याला सहा वर्षं झाली.
घड्याळाला कुणी सांगितलं नसावं.

सर्व्हरची वेळ मागे घेतली,
धुळ्याच्या घड्याळाशी बांधली.
नाव. पासवर्ड. एंटर.
डोमेनमध्ये आपलं स्वागत आहे.
कृपया एकदा बंद करून सुरू करा.

तो बंद झाला, सुरू झाला,
आणि आता नुसत्या नावाने
धुळं ओ देत होतं.

केबल गुंडाळत मी वर पाहिलं.
धुडकू बाबाही पाहत होते,
कोपऱ्यातलं स्टूल पायाने हळूच
टेबलामागे सरकवत.
मी काही बोलले नाही.

भिंतीवरची वेळ बघून निघाले,
घाईघाईने, उन्हातून, पिशवी डोक्यावर धरून,
आणि स्टँडवर पोचले तर
अमळनेर गाडी लागायची होती अजून.
सांजोरी सोडली. कागदाला तूप सुटलं होतं.