तांडेलांचा बाण

नवं मशीन आलं त्या सोमवारी
मुगभाटातल्या आमच्या दुकानात
बिपिनभाईंनी पेढा नाही, नुसता पासवर्ड वाटला.
खातं तांडेलांचंच.
दुसरं घेतलं तर महिन्याचे पैसे पडतात.

लॉगिन केलं,
आणि थर्माकोलचा वास न गेलेल्या पडद्यावर
तांडेल थोडे थोडे उतरू लागले.
आधी वॉलपेपर : वरळीच्या किनाऱ्यावर पालथी घातलेली होडी.
मग फॉन्ट.
मग पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, त्यातली काही लग्नं मोडलेलीही.
मग माऊस उलटा झाला.
तांडेल डावखुरे.
दोन दिवस मी चिडचिड केली, तिसऱ्या दिवशी
माऊस उचलून कीबोर्डच्या डावीकडे ठेवला.

त्यांची लघुरूपंही आली.
'आय' टाइप करून जागा सोडली की उमटायचं
आमचे येथे श्रीकृपेकरून.
'कद' म्हटलं की
कळविण्यास अत्यंत दुःख होते की.
एकदा कदमांच्या पत्रिकेत
'कद' आणि 'म' यांच्यामध्ये बोट चुकून जागा पडली
आणि वधूपित्याच्या ओळीत शोक येऊन बसला.
प्रूफात सापडलं, नशीब.

एप्रिलमध्ये दुकान सोडताना तांडेल म्हणाले होते,
सगळं ढगात ठेवलंय, काळजी करू नको.
मग स्वतःच हसले.
ढग दिसला की आम्ही होडी वर ओढून घेतो,
आणि तुम्ही त्यात बिलं ठेवता!

घरी त्यांचा जुना डबा अजून ह्याच खात्यावर.
मंडळाच्या पावत्या करतात, नातवाच्या वाढदिवसाचा बॅनर.
पडद्याच्या कोपऱ्यातली पिवळी चिठ्ठी रोज बदलते :
भरती ४:५०.
भरती ५:३५.
मुगभाटातून समुद्र दिसत नाही,
पण तो कधी चढतो ते मला हल्ली ठाऊक असतं.

गणपतीनंतर एका सकाळी अक्षरं मोठी होती.
अपडेट असेल म्हणून मी परत शंभरावर आणली.
दुसऱ्या दिवशी सव्वाशे.
मी शंभर, ते सव्वाशे,
आठवडाभर आमची न बोलता ओढाताण.
दिवाळीत दीडशे.
मग एका रात्रीत पडदा काळा आणि अक्षरं पांढरी झाली
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

फोन केला.
मजेत आहे म्हणाले, बोंबील स्वस्त झालेत, ये एकदा.
डोळ्यांचं मी विचारलं नाही.
त्यांनीही काढलं नाही.

सेटिंगमध्ये 'सिंक बंद करा' असं एक बटण आहे.
बिपिनभाई म्हणाले, दाब की, कशाला हा त्रास.
मी म्हटलं, पत्रिकांच्या लिंक तुटतील.
तुटल्या नसत्या.

त्या संध्याकाळी शटर ओढण्याआधी
मी बाणाचा आकार वाढवला,
पट्टी सरकेल तिथपर्यंत.
मग रंग : पिवळाधमक.
होडीवर अंगठ्याएवढा बाण टेकवून घरी गेले.

सकाळी चिठ्ठीत भरतीच्या वेळेखाली एक शब्द होता :
दिसलाा.
एक काना जास्त.
पंधरा वर्षं माझ्या ऱ्हस्वदीर्घांवर लाल पेन चालवणाऱ्या माणसाचा.
शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.

डाव्या हाताने मी बाण तिथवर नेला.
यादी उघडली.
'दुरुस्त करा' सोडून
त्याच्या खालचं निवडलं :
शब्दकोशात घाला.