मानस

मिंगेल भोकं बुजवतो.
कुलपांची, नळांची, भिंतीतल्या सॉकेटची,
स्वतःच्या कानांचीसुद्धा.
शेतातली काळी माती, भिजवलेला पाव,
एकदा कुस्तोदिनाने निवडून ठेवलेले
सगळे उकडे तांदूळ.
वय नऊ. दोन शाळांनी परत पाठवलेला.
फाइलीत ‘विध्वंसक’ हा शब्द तीनदा,
आणि आईबद्दल अर्धी ओळ, तीही खोडलेली.

मंगळवारच्या बैठकीत नवे मास्तर म्हणाले,
प्लंबरवर महिन्याला किती जातात ठाऊक आहे?
ठाऊक होतं.
मी म्हटलं, माती काढू नका. आधी विचारू या,
काय आत येईल म्हणून भितो.
विचारणार कोणाला, तो बोलतो कुठे,
कुस्तोदिना म्हणाली
आणि दाभणाने न्हाणीची जाळी कोरत बसली.

चोडणच्या बांधावर आम्ही रोज चालतो,
तो पुढे, मी वीस पावलं मागे.
एकोणीस झाली की तो दगड उचलतो.

बांधाच्या पोटात लाकडी दार आहे.
गाव त्याला मानस म्हणतं.
सोळा वर्षं हा शब्द मी वर्गात शिकवला,
आणि इथे तो शेवाळलेला, खेकड्यांनी भरलेला,
नारू पागीच्या ताब्यात.

भरती चढत होती. फळ्या हलल्या, मिटल्या.
नारू विडी पेटवत म्हणाला, हांव धांपिना.
उदकूच धांपता.
खारं पाणी जितकं रेटतं तितकं दार घट्ट,
म्हणून आतलं भात जगतं.
ओहोटीला आपसूक सैल.
मी वहीत काहीच लिहिलं नाही.

मिंगेलने एका कानातली माती काढली.
‘आनी रातचें?’
नारूने मान वळवून पाहिलंही नाही.
‘रातचेंय.’

इथे संपलं असतं तर बरं होतं.
त्याच रात्री तो माझ्या मनगटाला चावला.
चार दात, दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन,
आणि पणजीचे डॉक्टर हात बांधता बांधता,
अजून किती वर्षं हे?

आज त्याच्या खोलीच्या कुलपात माती नाही.
आइस्क्रीमची चपटी काडी आहे,
वरून चिकटपट्टीने टांगलेली, माझ्या बाजूला.
बोटाने ढकलली तर भोकावर गच्च बसते.
आतून कोणी फुंकलं तर हलते.

मी खाली लादीवर बसले आहे.
कुस्तोदिना चहा ठेवून गेली, तो निवला.
भरती किती वाजता उतरते
हे फेरीबोटवाल्याला विचारायचं राहिलंच.