वार्षिकांकासाठी फोटो

फोटोग्राफर ऐंशी मैलांवरून येतो,
वर्षातून एकदा, ऑक्टोबरातल्या एखाद्या गुरुवारी.
यंदाचा नवा होता. व्हॅनमधून उतरला, यादी वाचली,
नऊ मंडळं.
म्हणाला, मोठी दिसते शाळा.
आम्ही काही बोललो नाही.
नववी ते बारावी मिळून आम्ही अकरा,
आणि पलीकडे नेब्रास्काच्या वाळूटेकड्या,
त्यांना कोणी अजून मोजलेलं नाही.

आधी बँड.
लायल हॅन्सलच्या हातात ट्रॉम्बोन, अंगात बँडचा कोट,
खाली फुटबॉलची पँट, गुडघ्यांवर गवताचे डाग.
यात गैर काही नाही. सहाच जणांचा संघ आमचा,
सातवा मिळाला तर चैन.
मध्यंतराला लायल हेल्मेट काढतो,
आपल्याच संघासाठी दोन धुना वाजवतो
आणि शिट्टी झाली की परत धावतो.
एकदा दातांवरचं रबर काढायचंच राहिलं.
ती धून गाव अजून विसरलेलं नाही.

मग शर्ट बदलून वादविवाद मंडळ.
लांडग्यांना परत येऊ द्यावं, म्हणतो मेरिट.
येऊ देऊ नये, म्हणते त्याची बहीण.
घरी जेवताना दोघं बाजू बदलतात,
आणि बापाला वाटतं, पोरं सुधारली.

तिसऱ्या फोटोला फोटोग्राफरने मान वर केली.
पाचव्याला विचारलं, हे सगळे तुम्हीच का?
'काही जण जुळे आहेत,' लायल म्हणाला.

मातीपरीक्षण संघासाठी कुंपणापलीकडे जावं लागलं.
खड्डा छातीइतका खोल. डॉर्फलर सरांचा हुकूम,
फोटो काढायचा तर आत उतरून.
ऑडेली शोलने चिमूटभर माती घेतली, थुंकी लावली,
अंगठ्याने दाबत दाबत पट्टी ओढली.
पेराएवढी झाली आणि तुटली.
'पोयटा. वाळूकडे झुकलेला,' ती म्हणाली,
डॉक्टर नाडी सोडतात तशी बोटं झटकून.
आजोळच्या डोंगरावर, ग्वाटेमालात,
हीच पट्टी कोपरापर्यंत जाते म्हणे.
सर हसतात, पण वहीत लिहून घेतात.

मी सात मंडळांची चिटणीस.
अक्षर बरं आहे, एवढाच माझा गुन्हा.
इतिवृत्तात लिहिते, उपस्थिती समाधानकारक.
लिहिते, ठराव एकमताने मंजूर.
दोघंच असलो की एकमत पटकन होतं,
किंवा मग होतच नाही, जून उजाडतो.

शेवटी गणित मंडळ.
यादीत एकच नाव, ट्रूडी वोसिका.
मागच्या वर्षी तिघी होत्या. एक शिकून गेली,
एकीचे आईवडील लिंकनला गेले, ती मागच्या सीटवर बसून.
ट्रूडी झेंड्याच्या खांबापाशी उभी राहिली, हात कुठे ठेवावेत ते न कळून.
फोटोग्राफर म्हणाला, पोरी, एकटीला मंडळ म्हणत नाहीत.
'एका घटकाचा संच हाही संचच असतो,' ती म्हणाली.
मग थोडं थांबून,
'ज्यात कोणी नाही, तोही.'
ट्रूडी यंदा बारावीला आहे.

ऊन कललं होतं. आम्ही दहा जण
कॅमेऱ्यामागे उभे राहिलो, तिला हसवायला.
ती हसली नाही. पण हात सापडले, खिशात.

फोटो आले तेव्हा कळलं,
तिच्या बुटांपर्यंत आमच्या सावल्या पोचल्यात,
लांबट, एकमेकींत मिसळलेल्या,
एकीच्या खांद्यावर ट्रॉम्बोन.
वार्षिकांकाची संपादकही मीच. कात्री घेतली होती हातात.
ट्रूडीने सावल्या मोजल्या, पेन्सिलीच्या टोकाने.
'अकरा,' म्हणाली. 'तुम्ही तर दहा होतात.'
परत मोजल्या. अकराच.

अकरावी त्या माणसाची होती, तिपाईसकट,
किंचित वाकलेली.
तीही राहू दिली.
खाली लिहिलं, गणित मंडळ. डावीकडून, ट्रूडी वोसिका
आणि इतर.