फेऱ्याला की मिनिटाला

साजामध्ये, सिमेंटच्या गोदामामागं
आमच्या शेडला रात्री दोन वाजता वारा नसतो.
पेडेस्टल फॅनपुढं मी ह्यूस्टनचं ड्रॉइंग उलगडतो,
चार कोपऱ्यांवर चार नट ठेवतो.
फीड : फेऱ्याला आठ थाऊ.
आठ थाऊ गुणिले पंचवीस पॉइंट चार,
पॉइंट दोन आणि वर चिमूटभर.
पाचशे फेऱ्यांना, मिनिटाला एकशे एक, वर थोडं.
कॅल्क्युलेटर खिशातच राहतो.

आमच्या बापूंना औटकी पाठ होती.
बे औटे सात, तीन औटे साडेदहा.
मीटर आला त्या साली दुकानातला लाकडी गज
त्यांनी टाकला नाही,
मागच्या दाराला अडसर लावला.
गिऱ्हाईक वार मागायचं, बापू मीटरनं फाडायचे,
मधला हिशेब ओठांत.
पंचवीस पॉइंट चारचा पाढा
त्यांच्या शाळेत नव्हता, माझ्याही.
तो मी शिरोलीत शिकलो, डब्याच्या झाकणावर, खडूनं.

मंगळवारी मी फ्लँज फेरे-हिशेबानं कातला,
हात पुसले, कार्ड पंच केलं, बस पकडली.
जी नव्व्याण्णव तसाच लागू राहिला.
मशीन विसरत नाही. दुसरं सांगेपर्यंत
शेवटचं सांगितलेलं धरून बसतं.

सकाळच्या पाळीला टेकराज. पोखऱ्याचा, तेवीस वर्षांचा,
कानात नेहमी अर्धाच इअरफोन.
त्याचा प्रोग्रॅम बरोबर होता. एफ शंभर.
त्याच्या मनात मिनिटाला,
मशीनच्या मनात फेऱ्याला.
एका फेऱ्यात शंभर मिलिमीटर मागितले
आणि टूल, बिचारं हुकमाचं ताबेदार,
जमेल तेवढ्या वेगानं चकमध्ये घुसलं.

होल्डर वाकला. जबड्यावर नखभर ओरखडा.
इन्सर्टचा तुकडा काचेवर आपटून
टेकराजच्या बुटाशी पडला, अजून गरम.
फोरमन रशीदभाईंनी वहीत लिहिलं :
दंड, तीनशे पन्नास दिरहम. टेकराज.

औट शे, मनात आलं. बापूंचा आकडा.

मी बुधवारी बोललो नाही.
मेसमध्ये तो माझ्याच समोर बसला,
डाळ घेतली नाही, नुसता भात चिवडला.
गुरुवारी बोललो. रशीदभाईंनी वर न बघता
त्याचं नाव खोडलं, माझं लिहिलं,
म्हणाले, "काल का नाही?"
ह्याला माझ्याकडं कुठल्याच मापात उत्तर नव्हतं.

त्या पगाराला मी दिरहमचे रुपये केले नाहीत.
घरी फोनवर सांगितलं, ह्या खेपेला थोडे कमी.
बायकोनं विचारलं नाही किती,
म्हणजे तिनं मोजले होते.

आता प्रोग्रॅमच्या अगदी माथ्यावर,
जिथं बापू चोपडीत श्री काढायचे,
तिथं मी आधी लिहितो :
जी एकवीस. जी अठ्ठ्याण्णव किंवा नव्व्याण्णव.
मग बाकीचं.
टेकराजनंही तसंच सुरू केलंय.
तो मात्र वर खरोखर श्री पण लिहितो,
कंसात, कारण कंसातलं
मशीन वाचत नाही.