हरकत

योजना भिंतीवर लावली तेव्हा
रंग पुरता वाळला नव्हता.
मीच भरलेला: वस्तीला पिवळा,
बाजाराला निळा, कारखान्यांना जांभळा,
आणि शेतीला फिकट हिरवा, जो दर वीस वर्षांनी
कागदाच्या कडेला सरकत जातो.
पिवळ्याच्या अठरा बाटल्या लागल्या त्या साली.
हिरव्याची एक अजून माझ्या खणात आहे,
झाकण गच्च बसलेलं.

ऑफिसचं नाव बुडा.
पाटी कन्नडमध्ये, म्हणून पाटीला अर्थ ठाऊक नव्हता.
आम्हाला होता. डबा खाताना हसायचो.

हरकतींना तीस दिवस.
नोटीस कन्नडमध्ये, अर्ज मराठीत, शेरे इंग्रजीत,
भांडण तिन्ही भाषांत एकच:
रस्ता माझ्याच उताऱ्यावरून का?
मुगळी साहेब सगळ्यांना चहा सांगायचे
आणि रस्ता होता तिथंच ठेवायचे.

सत्ताविसाव्या दिवशी द्रौपदा सायनेकर आली.
घोट्यापर्यंत चिखल, हातात अर्ज नाही.
राहायला वडगावात, विणकरांच्या गल्लीत;
येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात भात लावायला जायची,
रोजानं.
नकाशा तिला वाचता येत नव्हता.
बळ्ळारी नाला कुठला, तेवढं विचारलं
आणि त्याच्यावरून बोट फिरवत म्हणाली:

"पाणी पहिलं वडाच्या पट्टीत बसतंय.
ती भरली की कुंभारतळीत.
मग सासूच्या शेतात. तिथं दोन दिस मुक्काम.
मग आयतवारात,
आयतवारी खरेदी झाली म्हणून आयतवार,
आणि मग दोघा भावांचा बांध फुटतोय.
दरसाल हेच. पाणी काय नवी वाट शिकत न्हाई.
आनि तुमी तिथं घरं काढलाय."

बोट उचललं तर पिवळ्यावर मातीचा ठसा.

साहेबांनी विचारलं, सर्वे नंबर?
"न्हाई."
किती गुंठे?
"माझं काय न्हाई तिथं. मी वाकते नुसती."

मग रजिस्टर ओढून, तिच्या नावापुढं,
तिसऱ्या रकान्यात
त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: हरकत नाही.
आणि वाचूनही दाखवलं.
तिला वाटलं, ऐकलं साहेबांनी.
हसली. पदर सावरून जिना उतरली.

तो क्रम मी ट्रेसिंगच्या पाठीमागं
पेन्सिलीनं उतरवून ठेवला.
पुढं काही केलं नाही.
ठसा ब्लेडनं खरवडला, वरून पिवळा मारला.
तेवढा एक डाग बाकीच्यापेक्षा गडद राहिला,
झेरॉक्समध्ये तोही गेला.

रिटायर झालो आणि मला प्लॉट लागला.
सेक्टर तीन, दुसरा क्रॉस, कोपऱ्याचा.
वास्तुशांतीला मुगळी साहेब कुंदा घेऊन आले,
म्हणाले, मोक्याची जागा मिळवलीस.
मी आत जाऊन ट्रेसिंग उलटं धरून पाहिलं.
सासूचं शेत.
बायकोला सांगितलं नाही. आधीच सून यायची होती.

यंदा आश्लेषा लागल्या आणि तिसऱ्या रात्री
वडाच्या पट्टीतलं मेडिकल गेलं.
पहाटे कुंभारतळीतली इंग्रजी शाळा,
बाकं व्हरांड्यात तरंगत आलेली.
ग्रुपवर लोक विचारत होते,
अचानक कसं काय, अचानक कसं काय.
आम्ही फ्रिज चार विटांवर चढवला.
गाद्या माळ्यावर. गहू माळ्यावर.
बायको म्हणाली, तुम्ही घाबरलेले दिसत नाही.
मी म्हटलं, दोन दिवसच राहतं आपल्याकडं.
ती माझ्याकडं बघतच राहिली.

मग आयतवारातल्या संकेश्वरकरांना फोन लावला.
बँकेत आहेत, गाडी तळघरात लावतात.
म्हटलं, परवा तुमच्याकडं येईल. गाडी बाहेर काढा.
हवामान खात्याचं आहे का, त्यांनी विचारलं.
नाही, म्हटलं, सायनेकरांची द्रौपदा म्हणून एक बाई.
फोनमध्ये थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं,
त्यांच्याकडचं की माझ्याकडचं, कळेना.
मग ते म्हणाले,
असं? कुठल्या सेक्टरला असतात त्या?